उपाशी वाकळ

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आताच मुरडून घ्या. मी जुन्या लुगड्यांची वाकळ आहे. शहरात मला गोधडी म्हणतात आणि शोभेसाठी भिंतीवर टांगतात म्हणे! माझ्या नशिबी भिंत नाही, आणि जिथं जायचं होतं ते घरही नाही.

माझा जन्म उदगीरचा. संक्रांत सरली होती, पापड-कुरडयांना अजून अवकाश होता. लक्ष्मम्मा दुपारी ओट्यावर उन्हात मला पसरून बसायची. शेजारची मलिका सुई घेऊन यायची. तिच्या नवऱ्याचं, वाजिदचं, टेलरिंगचं दुकान. तिथल्या चिंध्यांना काय तोटा! काय सुख होतं हो ते! चार टाके घालायचे, घोटभर चहा प्यायचा, कुणाच्या तरी सासूची टवाळी करायची, की पुन्हा टाके. "सुई हातात आली की डोकं निवतं बघ," लक्ष्मम्मा म्हणायची. तिचे गुडघेसुद्धा तेवढ्यापुरते दुखायचे थांबत.

मी होते तिच्या लेकीसाठी, मंजुश्रीसाठी. मंजुश्रीनं दुसऱ्या जातीतल्या निवृत्तीशी लग्न केलं आणि ती मुदखेडला गेली. बाप चंद्रप्पा किराणा दुकानदार, मोठा भक्त माणूस. त्यानं लेकीला घर बंद केलं. तिचा शाळेतला निळा फ्रॉक लक्ष्मम्मानं माझ्या मधोमध लावला. पुढच्या थंडीत तरी लेकीच्या अंगावर आईच्या हातचं काही असावं, एवढंच तिला हवं होतं.

लक्ष्मम्माच्या माहेरी एक रीत होती. वाकळीचे तीन कोपरे शिवायचे, चौथा उघडा ठेवायचा. वाकळ ज्या घरी जाणार, त्या घरच्या चुलीवरचा भाकरीचा तुकडा त्यात घालायचा आणि मगच टाका मारायचा. याला वाकळीचं पोट भरणं म्हणत. उपाशी वाकळ ऊब देत नाही, असं तिची आई सांगायची.

"अक्का, फोन लावला मी पोरीला," मलिका एक दिवस हळूच म्हणाली. "शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी येती. भाकर घेऊनच."

"अन् ह्यान्ला कळलं तर गं?"

"दुपारी दुकानात असतेत की ते. लई घाबरता बगा तुमी!"

थंडी शिव शिव म्हणत गेली आणि मंजुश्री आली. फडक्यात ज्वारीची भाकर. तिनं घरात येऊन तुकडा मोडला, माझा कोपरा उचलला. मला तर वाटलं, आता भरलं पोट! तेवढ्यात दारात चंद्रप्पा. गल्लीतल्या कुण्या भल्या माणसानं दुकानात जाऊन चुगली केली होती.

"त्या घरचं अन्न माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाई येनार."

"अप्पा, एवढासा तुकडा हाय. मी बसत पन न्हाई."

"हो बाहेर!"

"भैया, लेकरू तुमचंच हाय," मलिका म्हणाली. त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही. लक्ष्मम्मा दोरा ओवलेली सुई धरून नुसती उभी राहिली. खोटं कशाला बोलू, मला तिचाही राग आला. मंजुश्री तुकडा मुठीत घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी चंद्रप्पानं सुनेला, उज्वलाला, फर्मावलं, "तो कोपरा मशीनवर शिवून टाक." ती बिचारी काय करणार! घर्रकन कोपरा बंद झाला. पोट रिकामंच राहिलं.

त्या दिवसापासून लक्ष्मम्मानं सुई हातात घेतली नाही. दुपारी ओटा मोकळा असतो. मलिका आपल्या दारात एकटीच टाके घालते.

यंदा थंडी कडक पडली, तेव्हा चंद्रप्पानं मलाच ट्रंकेतून काढलं. दुहेरी घडी करून पांघरतो, वर विकतचं ब्लँकेट घेतो, तरी कुडकुडतो. परवा सकाळी कुरकुरला, "ऊबच न्हाई हिच्यात."

लक्ष्मम्मा चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, "उपाशी हाय ती. तुमीच ठिवली."

तो कप तसाच ठेवून दुकानात निघून गेला.

मित्रांनो, माझे भाऊबंद तुम्हाला सांगतील, आम्हाला जपा, ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. मला कसर लागली तरी चालेल. तुम्ही फक्त मोठ्यांना विचारा, घरातल्या कुणाला दारातून परत पाठवलंय का? माझ्या घरी कात्री आहे, सुई आहे, फोनही आहे. मशीनचा टाका, एक दोरा ओढला की सुटतो. आणि मुदखेड काही लांब नाही.