तलावातली मुलं

सहावीच्या वर्गाला वर्णभेद शिकवायचा तर पुस्तकातलं एक पान पुरणार नाही, असं इतिहासाच्या बाईंना वाटलं. म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि पडद्यावर सिनेमा दाखवला. त्यात गोऱ्या मुलांच्या तलावात एका काळ्या मुलीला उतरू देत नाहीत. ती फाटकाबाहेर टॉवेल घेऊन उभी राहते. सिनेमा संपला तेव्हा निम्मा वर्ग डोळे पुसत होता. मग एकेक मान मागे वळली. शेवटच्या बाकावर त्या गोऱ्या मुलांच्या वर्गातली एकुलती एक काळी मुलगी बसली होती. ती कंपासपेटीचं झाकण उघडझाप करत राहिली.

पुढच्या आठवड्यात तिची आई शाळेत आली. ती नर्स होती. पाळी संपवून तशीच गणवेशात आली होती.

"बाई, तुमचा हेतू चांगलाच होता," ती म्हणाली. "पण पोरगी आता शाळेला जायला नको म्हणते."

"कुणी काही बोललं का तिला?"

"बोललं असतं तर तिनं चोख उत्तर दिलं असतं. सगळे गोड वागतात. कुणी पेन देतं, कुणी डब्यातलं देतं. मला विचारते, मी आजारी आहे का? खेळायला मात्र आधीही घेत नव्हते आणि आताही घेत नाहीत."

तिला खेळायला घेत नाहीत, हे बाईंच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच सिनेमा पुन्हा लावला आणि फाटकाच्या प्रसंगापाशी थांबवला.

"त्या मुलीकडे बघू नका. तलावातली मुलं काय करतायत?"

"पोहतायत."

"त्यांना ती दिसत नाही?"

"दिसते. पण बंदी त्यांनी कुठे घातलीय?"

"खरंय. मग त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं?"

मुलं पडद्याकडे बघू लागली. फुटबॉलचे संघ पाडणारा कप्तान पुटपुटला, "पाण्यातून बाहेर यायचं." या वेळी मागे कुणीच वळलं नाही.

मधल्या सुट्टीत कप्तान तिच्याकडे गेला. "येतेस का?"

"बाईंनी सांगितलं म्हणून?"

"थोडंसं," तो म्हणाला. "आणि आमचा गोलकीपर अगदीच भोपळा आहे."

ती गेली नाही. बरेच दिवस गेली नाही. मग एकदा आपणहून मैदानात उतरली. तिच्या हातून सोपा चेंडू सुटला आणि गोल झाला. कप्तानानं सगळ्यांदेखत तिला फैलावर घेतलं. तिनंही त्याला सव्याज सुनावलं.

बाई खिडकीतून बघत होत्या. भांडण मिटवायला त्या दारापर्यंत गेल्या, आणि मग तिथेच थांबल्या.