दोघींना

कोन गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या दगडखाणीचा कडा कोसळला, त्याला पाच दिवस झाले होते. मुकादम काशिराम कागद घेऊन मजुरांच्या झोपड्यांपाशी आला.

"यावर अंगठे द्या. सोमवारपासून काम चालू."

कागद शकीलने घेतला. तो ड्रिल मशीन चालवायचा, पनवेलहून सायकलने यायचा. खाणीवरच्या चौदा मजुरांत वाचता येणारा तो एकटाच. वाचता वाचता तो अडखळला.

"काय लिवलंय?" कमळीने विचारलं. कड्याखाली मेलेल्या जैतूची ती बायको.

"जैतू दारू पिऊन, मनाई असताना आत गेला, असं लिहिलंय."

खरं सगळ्यांनी पाहिलं होतं. कडा तडकला तेव्हा जैतू बाहेर होता. आत शकू आणि तिची सासू गंगाबाई खडी फोडत होत्या. तो धावत आत शिरला. शकूला त्याने बाहेर ढकललं, गंगाबाईला उचलून पुढे टाकलं, आणि वरून दगड आले. गंगाबाईचा पाय मोडला, जीव राहिला.

"प्यायचा की नाही तो?" काशिराम म्हणाला.

"होळीला प्यायचा, लग्नात प्यायचा," कमळी म्हणाली. "त्या दिशी नाय. भाकर खाऊन माज्यासमोर उठला."

शकू पुढे आली. "मी अंगठा नाय देत."

मग कोणीच दिला नाही.

सव्वा महिना खाण बंद राहिली. कोणी गवत कापायला गेलं, कोणी बेलपाड्याला विटा वाहायला. मालकाने बाहेरून मजूर आणले, तर शकूने त्यांना नेऊन कड्यातली उरलेली भेग दाखवली. आल्या ट्रकने ते परत गेले. शकीलने सरकारी कचेरीत तीनदा अर्ज दिला. अखेर एक साहेब चौकशीला आले. गंगाबाईला झोळीत घालून आणलं. तिने सगळं सांगितलं. साहेबांनी लिहिलं, शकीलने मोठ्याने वाचलं: "एका महिलेस वाचवताना जैतूचा मृत्यू झाला."

"साहेब," कमळी म्हणाली, "दोघींना. एकीला नाय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली. झोपड्यांत त्या दिवशी जैतूचं नाव घेताना कोणाची मान खाली नव्हती.

धोक्याचा भाग पाडून कडा पायऱ्यांसारखा कापल्यावर खाण सुरू झाली. मजुरांनी आपला एक नियम केला: आपल्यातल्या दोघांनी कडा पाहिल्याशिवाय कोणी खाली उतरायचं नाही. पहिल्या सकाळी शकीलने कमळीला सोबत घेतलं. "वहिनी, तुमची नजर पक्की आहे."

ती कड्यापाशी गेली, दगडांवरून हात फिरवत सावकाश चालली. बाहेर सगळे टोपल्या घेऊन उभे होते.

"चालू करायचं ना?" काशिरामने हाक मारली.

"थांब, मुकादम," कमळी म्हणाली. "माजं बघून व्हायचंय."

आणि काशिराम थांबला.