बाय हालून नाही राह्यलं

रेणुकानं टॅब काजलच्या तोंडासमोर धरला. "बोला ताई. काय त्रास होतोय ते इथं सांगा."

काजलनं टॅबकडे पाहिलं, मग सासूकडे. आठवा महिना भरत आलेला, रोहिणखेडहून एसटीच्या गर्दीत उभं राहून आलेली पोर. काचेशी बोलायचं कसं, हे तिला कोण शिकवणार? शेवटी सासूनं, जनकाबाईनं, तिला कोपरानं ढोसलं.

"सांग ना वं. मले सांगत होती तसंच सांग."

"कालपासून बाय हालून नाही राह्यलं," काजल खाली मान घालून म्हणाली.

टॅबवर हिरवी चौकट उमटली आणि रेणुकाच्या जिवात जीव आला. कारण मागे पुण्याच्या अनुपमा मॅडम उभ्या होत्या. हे यंत्र त्यांच्याच लोकांनी बनवलेलं. पेशंटनं बोलायचं, यंत्रानं ते शुद्ध मराठीत लिहून घ्यायचं आणि लाल, पिवळा की हिरवा ते ठरवायचं. लाल असेल त्याला डॉक्टर आधी पाहणार, हिरवा असेल तो बाकावर बसणार. तीन महिने जिल्ह्यातल्या काही तालुक्यांच्या दवाखान्यांत, आणि इथंही, ते चालवून बघणं सुरू होतं. आणि चालवणाऱ्या नर्सेसपैकी जिल्ह्यातून एकीला किंवा एकाला वर्षभरासाठी पुण्याला नेणार होते, हे यंत्र जिथं घडतं तिथं, घडवणाऱ्यांच्या शेजारी बसायला.

रेणुकाला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, तिनं त्याचा ध्यासच घेतला होता. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, पण हल्ली इंजेक्शनं देताना, बीपी घेताना, तिचं मन पुण्यातल्या कुठल्यातरी न पाहिलेल्या खोलीत असायचं. उंद्रीची पोर ती. नर्सिंगच्या होस्टेलवर पहिल्याच रात्री "मले पाणी पायजे" म्हणाली आणि सगळी खोली हसली. त्या दिवसापासून तिनं आपली बोली अशी घासून काढली की आता खुद्द आईच फोनवर म्हणायची, "टीव्हीतल्या बाईवानी बोलून राह्यली तू." आईला त्यात कौतुक वाटायचं की दुःख, हे रेणुकानं कधी विचारलं नाही.

"छान," मागून अनुपमा मॅडम म्हणाल्या. "वीस सेकंदांत झालं."

इन्चार्ज छाया सिस्टरनी लांबूनच डोळ्यांनी खुणावलं, आटप, पुढचा पेशंट घे. रेणुकाचं बोट 'पुढे' या बटणावर गेलं. जाता जाता तिनं ओळ वाचली. 'तक्रार : बाई हालचाल करत नाही. सल्ला : रोज थोडे चालावे.'

चुकलं कुठं? बाई आहे, हालचाल आहे, सगळं कसं नीटनेटकं. फक्त काजलचा हात पोटावरून हलत नव्हता. तळवा दाबून धरलेला, आतून कुणी दार वाजवेल म्हणून थांबल्यासारखा.

रेणुकानं बोट मागं घेतलं. 'ळ' कुठं असतो आपल्या गावांत? गोळ्या म्हणजे गोया, डोळे म्हणजे डोये. आणि बाळ म्हणजे बाय.

मॅडम हातभर अंतरावर होत्या. यंत्र त्यांचं, निवडही त्यांच्याच हातात. आत्ता, त्यांच्या तोंडावर, तुमचं चुकलं म्हणायचं? रेणुकाला त्या क्षणी मॅडमचा राग आला, यंत्राचा आला, काजलचासुद्धा आला. मग तिनं टॅब बाकावर ठेवून दिला.

"ताई, बाळ हलत नाहीये का?"

"हाव," काजल म्हणाली. "तेच त सांगून राह्यली."

पुढं सगळी पळापळ. ठोके ऐकायचं यंत्र पोटावर लावलं. ठोके होते, पण शंभराच्या खाली, बाळाला हवेत त्याहून फार कमी. डॉक्टर धावत आले, काजलला डाव्या कुशीवर केलं, सलाईन लावलं, एकशेआठची गाडी बोलावली आणि तिला बुलढाण्याला पाठवलं. जनकाबाई गाडीत चढताना एक चप्पल फाटकापाशीच विसरून गेल्या. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "पोरगी हाय. काचेच्या पेटीत ठेवली. रडली बरं." रेणुका फोन ठेवून बाथरूममध्ये गेली आणि ढसाढसा रडली.

त्याच दुपारी निघण्याआधी अनुपमा मॅडमनी तिची वही पाहिली होती. यंत्र जिथं जिथं अडखळायचं तो शब्द रेणुका लिहून ठेवायची, समोर अर्थ. एकशे चाळीस झाले होते. मॅडमनी प्रत्येक पानाचा फोटो काढला.

"हे तुम्ही आपणहून केलंत?"

"हो मॅडम."

"पुण्यात बसून आम्हाला हे सात जन्मात कळलं नसतं."

मग काय विचारता. पुढचे वीस दिवस रेणुका जमिनीवर नव्हती. बाजारात चाकांची बॅग बघून ठेवली, आईला अर्धंमुर्धं सांगूनही टाकलं. छाया सिस्टर डब्यातली भाजी तिच्या ताटात वाढत म्हणायच्या, "खाऊन घे, पुण्यात झुणका गोड करतात." रेणुका लाजायची आणि खायची.

एकविसाव्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"रेणुका, निवड झाली. देऊळगाव राजाच्या दवाखान्यातल्या शेखरची."

"अभिनंदन सांगा त्यांना," रेणुका म्हणाली.

"खरं सांगू? पहिलं नाव तुमचंच होतं. मी काढलं." मॅडमचा आवाज मऊ होता, त्यामुळं जास्त लागलं. "तुम्ही इथं आलात की सहा महिन्यांत इथल्यासारख्या होऊन जाल. मग यंत्राला तिकडचं कोण शिकवणार?"

"मी आत्ताच तिकडच्यासारखं बोलते मॅडम. तुमच्यासारखं."

"बोलता. पण ऐकता तिकडच्या कानांनी. ते आम्हाला हवंय. एक हजार वाक्यं रेकॉर्ड करून द्याल? घरी बोलता तशी. काहीही चालेल, मनातलं बोला."

"देते," रेणुका म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

दुपारी ओपीडी सरली. बाकं रिकामी झाली. ती ड्रेसिंगच्या खोलीत स्टुलावर बसली, टॅब मांडीवर घेतला आणि रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दाबला.

"मला जायचं होतं."

तिचं तिलाच कळलं, हे चालणार नाही. तिनं ते पुसलं. पुन्हा तोंड उघडलं तर पुन्हा 'मला'च आलं. सात वर्षं घासलेली जीभ, सांगितल्याबरोबर कशी वळेल? तिनं डोळे मिटले, आईचा आवाज आठवला, उंद्रीचं अंगण आठवलं. हसणाऱ्या पोरींची ती खोलीही आठवली.

"मले जायाचं होतं," ती हळूच म्हणाली.

यंत्र क्षणभर थांबलं. मग काचेवर एकेक अक्षर उमटत गेलं. 'मला जायचे होते.'

खाली दोन बटणं होती, बरोबर आणि चूक. रेणुकानं ती ओळ पुन्हा वाचली; 'मले' पुसलं गेलं होतं, म्हणणं मात्र तेच होतं. तिनं 'बरोबर' दाबलं.