पांढऱ्या बोटीसाठी वाजलेला शंख

मित्रांनो, मला कानाला लावू नका. आत समुद्र ऐकू येतो असं सगळे म्हणतात. मला मात्र माझ्या आत एकच सकाळ ऐकू येते, आणि ती दुसऱ्याला ऐकवायची लाज वाटते. पण आता सांगितल्यावाचून राहवत नाही. मी एक जुना शंख आहे. पूजेचा नव्हे, माणसांना हाका मारायचा.

कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका बेटाच्या उत्तरेला आन्स कालो नावाचं गाव आहे. तिथल्या समुद्रात मी वाढलो. एका कोळ्यानं बुडी मारून मला वर काढलं, आतला जीव लिंबू पिळून खाल्ला, माझा शेंडा छाटला आणि ओठ टेकवून फुंकर मारली. आवाज थेट डोंगराला जाऊन भिडला. तो मळ्याच्या मुकादमानं ऐकला, आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या कमरेला लटकू लागलो.

तेव्हा माणसं विकत मिळत. पहाटे मी वाजलो की गुलाम उसाच्या फडात येऊन उभे राहत. ज्याला उशीर होई त्याच्या पाठीवर चाबूक पडे. माझ्याच जातीचे काही शंख डोंगरात पळून गेलेल्यांजवळ होते, शिपाई आले की ते इशारा देत. मी मात्र पळालेल्याला धरून आणायला माणसं गोळा करत होतो. शंखाला काय, जो फुंकेल त्याचा तो, अशी मी मनाची समजूत घालत आलो. ती मला कधी नीट पटली नाही.

पुढे गुलामी गेली, मालक मात्र राहिले. ऊस गेला, लिंबाच्या बागा आल्या. लिंबांना रोग लागला आणि केळी आली. विलायतेला जे हवं ते आमच्या डोंगरावर लागायचं, एवढं एक बदललं नाही.

केळ्यांच्या काळात मला पहिल्यांदा मान मिळाला. विलायतेची बोट येई, पण तिचा दिवस नक्की नसे. केळी विकत घेणाऱ्या कंपनीचा एजंट कधी आधी निरोप धाडी, कधी नाही. खडकाच्या टोकावर बसून तिची वाट पाहायची आणि ती दिसली की मला फुंकायचं, हे काम तिमोते नावाच्या माणसाचं होतं. तीन लांब फुंकरी म्हणजे बोट आली, केळी कापा. दोन तुटक म्हणजे थांबा, खाली या. कापलेला घड काही पुन्हा झाडाला चिकटत नाही, म्हणून मी वाजल्याशिवाय कुणी कोयता उचलत नसे. तिमोतेला साधा खोकला झाला तरी चार घरांतून आल्याचा काढा येई. मला तो खोबरेल लावून पुसायचा आणि मी ऐटीत चमकायचो.

मग देश स्वतंत्र झाला. शाळेपुढे नवा झेंडा चढला, तेव्हा तिमोतेनं मला गाल दुखेपर्यंत फुंकलं. वर्ष पुरं व्हायच्या आत वादळ आलं. गावात केळीचं एक झाड उभं राहिलं नाही, आणि घरांची छपरं उडून समुद्रात पडली.

मा ओक्तावीचं छप्परही त्यातच गेलं. तिचा नवरा कामासाठी शेजारच्या ग्वादलूप बेटावर गेला तो गेलाच. तिच्या मुलीचा धर्मपिता तिमोते होता, म्हणून रिवाजाप्रमाणे ती त्याला 'कोंपे' म्हणे आणि तो तिला 'कोमे'. मायलेकी मदतीत मिळालेल्या ताडपत्रीखाली राहत होत्या. ओक्तावीनं सगळ्यांत वरच्या उतारावर, कुणाला नको होती त्या जमिनीत नवी केळी लावली. पहिल्याच घडांतून छपराला पत्रे आणायचे, असं तिनं ठरवलं होतं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी घड कापायला आले.

"कोंपे, या खेपेला जरा जोरात फुंक हं," ती म्हणाली. "माझं शेत ढगाच्या शेजारी आहे."

"ढगालाही ऐकू जाईल, कोमे. तू कोयत्याला धार लावून ठेव."

आता तिमोतेचं दुखणं सांगतो. पलीकडच्या मोर्न रूज गावाशी आमचा उभा दावा. वादळापूर्वीच्या शेवटच्या बोटीला त्यांची केळी आधी पोचली, आमची जागा नाही म्हणून परत आली. तेव्हापासून रमचा दुकानदार ग्रेगवार तिमोतेला रोज टोचायचा. "आमचा शंखवाला झोपेत चांगला वाजतो!" दुकानात हशा पिकायचा. तिमोते हसण्यावारी न्यायचा, पण दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आधीच खडकावर जाऊन बसायचा.

त्या दिवशी सकाळी समुद्रावर धुकं होतं. धुक्यातून एका मोठ्या पांढऱ्या बोटीचं नाक पुढे आलं. केळ्यांची बोटही पांढरीच असे. तिमोतेनं ती पुरती दिसायची वाट पाहिली नाही. त्यानं मला ओठांना लावलं आणि तीन लांब फुंकरी मारल्या. खरं सांगतो, मीसुद्धा जीव तोडून वाजलो. डोंगरावर दारं उघडली आणि कोयते हलू लागले.

तासाभरानं धुकं विरलं. बोटीला खिडक्यांच्या रांगाच्या रांगा होत्या. वर रंगीत कपड्यांतली माणसं कठड्याला टेकून आमच्याकडे बघत होती. ती सहलीची बोट होती.

खालची शेतं एव्हाना कापून झाली होती. पण ओक्तावी अजून चढतच होती, तिचा पिवळा रुमाल उतारावर दिसत होता. दोन तुटक फुंकरी मारल्या असत्या तर ती थांबली असती. तिमोतेनं मला वर उचललं, गाल फुगवले. तेवढ्यात मागून धावत आलेल्या ग्रेगवारची थाप त्याच्या पाठीवर पडली. त्यानं बोटीकडे अजून नीट पाहिलंही नव्हतं.

"जिरवलीस रे त्यांची! मोर्न रूज अजून घोरतंय. पुढच्या निवडणुकीला तुलाच उभा करतो बघ!"

तिमोतेचे गाल पुन्हा बसले. त्यानं मला शर्टाखाली लपवलं. मी त्याच्या छातीला चिकटून गप्प राहिलो. मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, स्वतःची फुंकर नाही. तरीही त्या घटकेची लाज माझी मलाच वाटते.

दुपारपर्यंत किनाऱ्यावर केळ्यांचे ढीग लागले. बोटीवरून होड्या आल्या आणि उघड्या गुडघ्यांची माणसं ढिगांपुढे उभी राहून फोटो काढू लागली. एका बाईनं ओक्तावीला खाली ठेवलेला घड पुन्हा डोक्यावर घ्यायला लावला, फोटो चांगला यावा म्हणून. ओक्तावीनं तो घेतला.

"एजंटानं चुकीचा निरोप दिला," तिमोते सगळ्यांना सांगत सुटला. लोकांनी एजंटाला मनसोक्त शिव्या घातल्या. खरी बोट पाच दिवसांनी आली, तोवर केळी पिवळी पडली होती. बोटीला हिरवीच लागत. त्या पावसाळ्यात मायलेकी ताडपत्रीखालीच भिजल्या. एका संध्याकाळी ओक्तावी उकडलेल्या केळ्यांचं पातेलं घेऊन तिमोतेकडे आली.

"खा रे कोंपे. तुझ्या मनाला लागलंय, दिसतंय मला. एजंट खोटं बोलला, त्यात तू काय करणार?"

आणि त्यानं ती केळी खाल्ली. मी खिळ्याला टांगलेला होतो, सगळं पाहिलं. त्यानंतर त्यानं मला कधी खोबरेल लावलं नाही.

वर्षं गेली. दूरच्या देशांनी आपले कायदे बदलले आणि आमची केळी सगळ्यांना नकोशी झाली. तरुण पोरं परदेशी गेली. आता दर मंगळवारी पांढरी बोट येते, ती सहलीचीच. म्हातारा तिमोते चौकड्यांचं जाकीट घालून धक्क्यावर उभा राहतो आणि पाहुण्यांसाठी मला फुंकतो. ते टाळ्या वाजवतात. डोंगरावरून कुणी उतरत नाही.

ओक्तावी तिथेच नारळाच्या वड्या विकते. गेल्या मंगळवारी बोट लागायच्या आधी तिमोते तिच्या टोपलीपाशी जाऊन बसला.

"कोमे, त्या दिवशी एजंटाचा निरोप आलाच नव्हता. बोट चुकीची आहे हे मला कळलं होतं. तू अजून चढत होतीस. मी फुंकलं नाही."

ओक्तावीनं वड्यांवरच्या माशा हाकल्या. मग म्हणाली, "मला वरून खिडक्या दिसल्या होत्या, कोंपे. मी म्हटलं, केळ्यांना इतक्या खिडक्या कशाला? कोयता खालीसुद्धा ठेवला होता." तिनं टोपलीवर फडकं ओढलं. "मग म्हटलं, शंख वाजलाय. आपलेच डोळे चुकत असतील."

मित्रांनो, मला जपा, पुसा, कपाटात ठेवा, असं मी सांगणार नाही. एवढंच मागतो. तुमच्या हाकेवर कुणी डोंगर चढत असेल आणि हाक चुकली असं तुम्हांला कळलं, तर लगेच दुसरी हाक मारा. लोक हसतील, हसू देत. वर कुणीतरी स्वतःचे डोळे खोटे ठरवून पुन्हा कोयता उचलत असतं.