वर्गातला काका

किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक सोडून नारिनकडच्या एका डोंगरी गावात येऊन सायकाल बाईंना महिना झाला, तरी सातवीचा वर्ग तोंड उघडायला तयार नव्हता. अपूर्णांक विचारला की सगळे मख्ख.

"तोंडात सुकवलेल्या दह्याचे, कुरुतचे गोळे धरलेत का रे?" बाई करवादायच्या. उपयोग शून्य.

मुख्याध्यापकांनी तर बजावलंच होतं, "सोमवारी मी मागे येऊन बसणार. वर्ग असाच मुका राहिला, तर तुम्ही आपलं बिश्केक गाठा." बाई रडकुंडीला आल्या. नोकरीचं एक वेळ जाऊ दे, पण शिकवता येत नाही असा शिक्का घेऊन घरी कोणत्या तोंडाने जायचं?

रविवारी बेगिमायच्या घरी बाईंना आणि सगळ्या वर्गाला जेवण होतं. ही वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. वहीतली गणितं बिनचूक, तोंडाला मात्र कुलूप. पोरांपुढे मटण-शेवयांच्या बेशबरमाकचं वाफाळतं ताट आलं, पण एकही हात पुढे होईना. मग वर्गात मागच्या बाकावर पेंगणाऱ्या नुरदानने घास उचलला आणि सगळ्यांनी ताटावर झडप घातली.

"त्याच्यासाठी का थांबलात गं?" बाईंनी बेगिमायला विचारलं.

"काका आहे ना तो! बाबांचा चुलतभाऊ. अर्ध्या वर्गाचा काका लागतो."

"अगं, तुझ्याहून लहान आहे तो!"

"म्हणून काय झालं? त्याच्या आधी कसं खायचं?"

बाईंचा घास हातातच राहिला. "आणि वर्गात? उत्तरसुद्धा...?"

बेगिमायने जीभ चावली. "त्याला येत नाही ना, बाई. आम्ही पुढे पुढे करून त्याचा पाणउतारा करायचा का?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. पोरं ढ नव्हतीच, आपणच आंधळ्या होतो!

सोमवारी मुख्याध्यापक मागे येऊन बसले. बाईंनी फळ्यावर गणित मांडलं. "नुरदान, उत्तर कोणाला विचारू? तू ठरव."

नुरदानचे कान लाल झाले. "बेगिमाय, सांग गं," तो म्हणाला. तिने धडाधडा सांगितलं. मग त्याने दुसऱ्याला उठवलं, तिसऱ्याला उठवलं. वर्गाला कंठ फुटला.

आणि मग नुरदान स्वतःच उभा राहिला.

"बाई, मला नाही समजलं. परत सांगा."

मग खिडकीकडून आवाज आला, "मलापण नाही!"

"मलापण!"

"बाई, मला तर पहिल्या दिवसापासून नाही!"

मुख्याध्यापक उठले. "चालू द्या," एवढंच म्हणून बाहेर पडले.

बाईंनी महिन्याभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला, फळा पुसला आणि पहिल्यापासून शिकवायला सुरुवात केली.