दाणामुक्त खोलीतला प्रसाद

चंद्रहासचा क्वालिटीवर फार विश्वास. कसा, तर काहींचा देवावर असतो तसा: तसबीर भिंतीवर, हात जोडलेले, आणि वागणं आपल्या मनाचं. आयटीतली नोकरी सोडून त्यानं परदेशातल्या ओटाहुहू उपनगरात मुलांच्या डब्यासाठी ओट्सच्या वड्या करायचा कारखाना काढला. त्यात शेंगदाणे नसतात, एवढ्यावरच त्या खपत. त्यानं सर्टिफिकेट मिळवलं, फ्रेम करून टांगलं, आणि ऑडिटर आला की देखल्या देवा दंडवत. एरवी क्वालिटी सांभाळायला आणि पाकिटावरचा मजकूर लिहायला पगारी नीलांबरी होतीच. तिला या माणसाचा मनापासून तिटकारा होता.

दसऱ्याला त्यानं मशीनची पूजा केली, आणि प्रसाद काय ठेवला, तर गूळ-दाणे. ज्या खोलीत दाण्याचं टरफलही येऊ नये म्हणून कामगार कपडे बदलून शिरत, तिथे हा शहाणा मूठमूठ वाटत फिरला, आणि त्याच हातांनी मशीनमध्ये ओट्स ओतून मोकळा झाला. नीलांबरी पोचली तोवर वड्या पॅक झाल्या होत्या.

"चंद्रहासदादा, हा सगळा माल बाद."

"अगं, प्रसाद कधी कुणाला बाधलाय का?"

"ॲलर्जी असलेलं पोर यानं मरू शकतं."

सोमवारी ऑडिट होतं, म्हणून तो नमला. "क्वालिटी फर्स्ट," असं सगळ्यांसमोर म्हणालाही. खोकी टाकून द्यायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं, आणि तिनं ते घेऊ दिलं.

शनिवारी ती आपल्या मुलीला, ओवीला, जवळच्याच फ्लॅट बुश उपनगरातल्या मराठी शाळेत सोडायला गेली, तर हा दारात उभा राहून त्याच वड्या फुकट वाटत होता.

"अन्न टाकवेना गं. म्हटलं, आपलीच मुलं खातील."

आपलीच मुलं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात तिला शाळेतल्याच एका मुलाची आई, श्रुती दिसली, आपल्या नीलला पाकीट फोडून देताना. नीलला दाण्याची ॲलर्जी होती, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. नीलांबरीनं धावत जाऊन वडी त्याच्या हातातून हिसकावली.

"दॅट्स माइन," नील रडवेला झाला.

"तमाशा नको," चंद्रहास हळूच म्हणाला. "नंतर बोलू. सोमवारी ऑडिट आहे."

"सगळ्यांनी वड्या खाली ठेवा," ती मोठ्यानं म्हणाली. "यात दाणे आहेत."

श्रुतीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "पण इथे तर नाहीत म्हणून लिहिलंय. मी वाचूनच देत होते."

"ते मी लिहिलंय," नीलांबरी म्हणाली. "खोटं आहे."