डाळिंबाखालची तालीम

साखर वाढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "गोहरखानम, नुसतं चालून भागायचं नाही. दंड-मांड्यांना कामाला लावा. रक्तातली साखर खाणारी तोंडं तिथंच आहेत."

इराणातल्या आमच्या यज्द शहरात कसरत म्हणजे जूरखाना, आणि त्या तालमीत बायकांना कोण घेतंय? माझे यजमान, अस्कर, तरुणपणी तिथं मुद्गल फिरवायचे. त्यांची लाकडी जोडी तळघरात धूळ खात होती. मीच ती वर आणली.

"अगं, कमरेत उसण भरेल!" अस्कर हसले. "त्यापेक्षा गालिचे झटक."

"गालिचे तुम्ही झटका. मला हे शिकवा."

पहिल्याच फेरीला मुद्गल माझ्याच पाठीत बसला. दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर होईना. खांद्याला तेल चोळता चोळता अस्कर म्हणाले, "मनगटानं ओढू नकोस. खांद्यातून सैल सोड." झालं, शिकवणी सुरू झाली. अंगणात डाळिंबाखाली मी मुद्गल फिरवायची, मग भिंतीला धरून बैठका काढायची. ते परात पालथी घालून ताल धरायचे.

थंडी सरली. काट्यावर उभी राहिले, तर वजन होतं तेवढंच! रडूच कोसळलं. रागानं जोडी तळघरात टाकली. रक्ताचा रिपोर्ट दाखवायला अस्कर सोबत आले.

"साखर उतरली की!" डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

"पण वजन?"

"चरबी गेली, तिच्या जागी स्नायू आला. काट्याला काय कळतंय? चरबी बसून असते. स्नायू तुम्ही झोपलात तरी थोडंफार जाळतो, जेवणातली साखरही ओढून घेतो. कोट कसा होतोय?"

मी हात लावून पाहिला. पोटावर सैल, दंडात घट्ट!

घरी येताच अस्करनी जोडी पुसून माझ्या हातात दिली.

नौरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, नणंद आली, तूबा. भाताचं भलंमोठं तांब्याचं पातेलं मी एकटीनं उतरवलं, तर ती बघतच राहिली.

"वहिनी, खातेस काय गं?"

"खात नाही, फिरवते," अस्कर म्हणाले.

आता तूबासाठी त्यांनी सुताराकडून हलकी जोडी करवून घेतलीय. रोज सकाळी ती येते आणि आम्ही दोघी घाम गाळतो. तिची तक्रार एकच, भाऊ ताल फार जलद धरतो.